कपाटातल्या हार्ड डिस्क वाचकांसाठी उघडा : महाराष्ट्रातील शतायुषी ग्रंथालयांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
विश्वस्त आणि कार्यकारी मंडळाचे सदस्य,
महाराष्ट्रातील शंभरी ओलांडलेली सार्वजनिक ग्रंथालये

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संदर्भ विभागांत जुनी मराठी नियतकालिके वाचायला येणाऱ्यांपैकी मी एक. हे पत्र कुणा एका संस्थेला उद्देशून नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघाले आणि मुंबईचे १८९८ मध्ये. यांच्याशिवाय तालुक्यातालुक्यांत अशी जुनी वाचनालये आहेत, ज्यांची नावे त्या गावाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाहीत, पण ज्यांच्या कपाटांत इतरत्र कुठेही न मिळणारा अंक निघू शकतो. या सगळ्यांकडे माझे एकच मागणे आहे. ज्या जुन्या ग्रंथांचे आणि अंकांचे स्कॅनिंग तुमच्याकडे आधीच झालेले आहे आणि ज्यांच्यावर आज कुणाचाही कॉपीराइट उरलेला नाही, ते सगळे इंटरनेटवर विनामूल्य, कुणालाही उतरवून घेता येईल असे ठेवा.

हे मागताना मला पूर्ण जाणीव आहे की हा ठेवा आजवर टिकला तो तुमच्यामुळे. अनेक कार्यवाह वर्षानुवर्षे एक पैसाही न घेता काम करतात. तुटपुंज्या पगारावर ग्रंथपाल जिल्दी बांधून घेतात, कसर लागू नये म्हणून धडपडतात, पावसाळ्यात गळक्या छताखालून कपाटे हलवतात. हे करणारी माणसे नसती तर मी आज हे पत्र लिहिण्याइतकेही काही उरले नसते. म्हणूनच पुढचे पाऊलही तुम्हीच टाकावे असे वाटते.

तुमच्याकडे काय आहे, हे आधी बोलू. जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघाले, अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ चा, पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १८४९ चा, 'विविधज्ञानविस्तार' १८६७ चे. ही नावे पाठ्यपुस्तकातही येतात. पण शं. ग. दाते यांनी केलेली मराठी ग्रंथांची सूची उघडून बसले की कळते, छापील मराठीचा खरा पसारा या नावांच्या कितीतरी बाहेर आहे. जातवार परिषदांचे अहवाल, नाटक मंडळ्यांची पदांची पुस्तके, शिळाछापावरची (दगडावरून छापलेली) पंचांगे, पाककृतींची चोपडी, शेतकी मासिके, एखाद्या तालुक्याच्या गावी दोन वर्षे चालून बंद पडलेले साप्ताहिक. दात्यांची सूची पुस्तक छापले गेले होते एवढे सांगते. त्याची प्रत आज कुठे आहे, आहे का, हे तुमच्या दाखल नोंदवह्याच (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदी) सांगू शकतात.

आणि अशा अंकांत सगळ्यात मोलाचे ते अग्रलेखाच्या बाहेर असते. शेवटच्या पानावरची औषधांची जाहिरात, वर्गणी थकलेल्यांना केलेली विनवणी, वाचकांचा पत्रव्यवहार, बाजारभावांचा तक्ता, बोटीच्या वेळा, शाळेतल्या मुलींच्या बक्षीस समारंभाची चार ओळींची बातमी. लोक काय खात होते, कशाला घाबरत होते, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल काय तक्रार करत होते, हे तिथे सापडते. पुढे त्यातून निवडक लेखसंग्रह निघतात तेव्हा हा सगळा मजकूर गळतो. तो फक्त मूळ अंकात राहतो.

मूळ अंक गेला की काय होते, याचे 'दीनबंधु'सारखे दुःखद उदाहरण नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले हे पत्र सत्यशोधक चळवळीचे मुखपत्र. त्याचे कितीतरी अंक आज हाती लागत नाहीत. मग अभ्यासकाला ब्रिटिश सरकारच्या देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक अहवालांकडे जावे लागते. सरकारी अनुवादकाने दर आठवड्याला देशी पत्रांतला मजकूर चाळून साहेबासाठी इंग्रजीत त्याचा सारांश केला, तो जपून ठेवला गेला. शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या बाजूने मराठीत लिहिलेले आपण आज इंग्रजी गोषवाऱ्यातून वाचतो. मूळ मराठी वाक्य कसे होते, कोणता शब्द वापरला होता, कुठे धार होती, ते कायमचे गेले. अशी आणखी किती पत्रे एकेका उरलेल्या प्रतीवर तग धरून आहेत, याचा अंदाज माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे.

कागद थांबत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यातले आम्ल कागदाला आतूनच खाते. कोकणात आणि मुंबईत दमटपणा त्याला मदत करतो. पान उलटताना कडेचा तुकडा हातात येतो. आणि एका रात्रीत होणारे नुकसान वेगळेच. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातले ग्रंथ भिजले. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले. ज्यांनी ती भिजलेली पुस्तके हाताळली त्यांना मी वेगळे काही सांगायला नको.

म्हणूनच गेल्या पंधरावीस वर्षांत अनेक ग्रंथालयांनी स्कॅनिंग करून घेतले, हे फार चांगले झाले. कुठे सरकारी अनुदान मिळाले, कुठे देणगीदार भेटला, कुठे आमदार-खासदार निधीतून यंत्र आले. छोटा समारंभ झाला, वर्तमानपत्रात 'दुर्मिळ ग्रंथ एका क्लिकवर' अशी बातमी आली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी काम थांबले ते थांबलेच. एजन्सीने दिलेली हार्ड डिस्क आणि डीव्हीडींचा गठ्ठा कार्यालयाच्या कपाटात गेला. वाचकाला पाहायचे असेल तर त्याने स्वतः यावे, ओळखपत्रासह अर्ज द्यावा, समितीच्या बैठकीची वाट पाहावी, मग संदर्भ विभागातल्या एका संगणकासमोर कार्यालयीन वेळेत बसावे. पेनड्राइव्ह लावायचा नाही. मोबाइलने फोटो काढायचा नाही. पान हवे असेल तर प्रत्येक पानामागे शुल्क. इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा पणजीतल्या मराठी वाचकाने काय करायचे? गडचिरोलीच्या विद्यार्थिनीला पीएचडीसाठी पुण्यात चार महिने खोली घेऊन राहणे परवडते का? ज्या कामाचा हेतू अंतर मिटवणे हा होता, ते काम पूर्ण होऊनही अंतर तेवढेच राहिले.

कपाटातली हार्ड डिस्क सुरक्षितही नसते. ती न वापरता पडून राहिली तरी काही वर्षांत बंद पडू शकते. डीव्हीडीही दगा देतात. पुष्कळ संस्थांत ही एकमेव डिजिटल प्रत आहे, तीही मूळ कागद ज्या इमारतीत आहे त्याच इमारतीत. पूर आला किंवा आग लागली तर दोन्ही एकदमच जातील.

आता तुमच्या बैठकांत जे आक्षेप निघतात त्यांबद्दल.

सर्वांत जास्त भीती कॉपीराइटची असते, आणि तिथेच सर्वांत जास्त गैरसमज आहे. पुस्तकाची प्रत तुमच्या मालकीची आहे, याचा अर्थ त्यातल्या मजकुराचा हक्क तुमच्याकडे आहे असा होत नाही. आणि मजकुराचा हक्क संपलेला असेल तर तो कुणाकडेच नसतो, तो सगळ्यांचा होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरचे कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे हा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून. राजवाडे, केतकर, लक्ष्मीबाई टिळक यांच्याबद्दल तर प्रश्नच नाही. निनावी लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते, आणि जुन्या नियतकालिकांतला बहुतेक मजकूर निनावीच असतो. एकोणिसाव्या शतकातल्या अंकांबाबत शंकेला जवळजवळ जागा नाही.

स्कॅनिंगला खर्च आला म्हणून त्या प्रतिमांवर संस्थेचा नवा हक्क तयार होतो, असेही काही जण मानतात. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निव्वळ श्रम आणि पैसा खर्च केल्याने कॉपीराइट मिळत नाही, त्यात थोडीतरी सर्जनशीलता लागते. पान जसेच्या तसे स्कॅन करण्यात ती नसते. म्हणून प्रत्येक पानाच्या मध्यभागी संस्थेच्या नावाचा भला मोठा शिक्का उमटवण्याची पद्धत सोडा. त्याने अक्षरे झाकतात आणि संगणकाला मजकूर ओळखता येत नाही. पहिल्या पानावर संस्थेचे नाव, दाखल क्रमांक आणि स्कॅनिंगची तारीख असावी. ती असलीच पाहिजे, कारण तो मान तुमचा आहे.

ज्यांचा हक्क अजून चालू आहे अशी पुस्तकेही जतनासाठी स्कॅन करून ठेवायला याच कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना मुभा दिली आहे, फक्त मूळ छापील प्रत त्यांच्याकडे असली पाहिजे. ती आज प्रसिद्ध करू नका. मुदत संपेल त्या वर्षी करा. आणि इथे सरकारनेही काही करण्यासारखे आहे. तमिळनाडूत सरकार लेखकांच्या वारसांना एकरकमी मानधन देऊन त्यांचे साहित्य सार्वजनिक करते. १९४९ मध्ये तेव्हाच्या मद्रास सरकारने सुब्रह्मण्य भारतींच्या साहित्याचे हक्क विकत घेतले, तेव्हापासूनची ही परंपरा. वारसांचा सन्मान राहतो आणि पुस्तक लोकांचे होते. महाराष्ट्रात अशी योजना मागणारा पहिला ठराव तुमच्यापैकी कुणाच्या तरी वार्षिक सभेत व्हावा, असे मला मनापासून वाटते.

दुसरा आक्षेप, घरबसल्या मिळाले तर ग्रंथालयात कोण येईल? पण १८८० सालच्या बांधीव फायलीसाठी कुणी वर्गणी भरून सभासद होत नाही. सभासद येतात ते नव्या कादंबऱ्यांसाठी, दिवाळी अंकांसाठी, अभ्यासिकेसाठी. छायाप्रतींच्या शुल्कातून किती रक्कम येते, ते आपल्याच वार्षिक अहवालात पाहा. उलट एखादा दुर्मिळ अंक इंटरनेटवर तुमच्या नावासह दिसला की तुमच्याकडे आणखी काय आहे हे विचारणारे वाढतात, आणि जिल्दबांधणीसाठी देणगी मागताना दाखवायला काहीतरी हातात असते.

तिसरी भीती मी हलकी मानत नाही. जुन्या मजकुरात जातींबद्दल, धर्माबद्दल, थोर पुरुषांबद्दल बोचरे लिहिलेले असते. २००४ मध्ये एका पुस्तकाच्या वादातून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, त्याची आठवण विश्वस्तांच्या मनात अजून ताजी आहे. पण कागद बंद असला की वाद थांबत नाहीत, फक्त पडताळणी थांबते. कुणीतरी एक ओळ संदर्भ तोडून फिरवतो आणि आधीचे-नंतरचे पान काय म्हणते ते पाहायची सोय कुणालाच नसते. पूर्ण अंक सगळ्यांसमोर असणे हेच त्यावरचे सगळ्यात सभ्य उत्तर आहे.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. महागडा भाग स्कॅनिंगचा, तो होऊन गेला. हक्कमुक्त पुस्तके इंटरनेट अर्काइव्ह आणि विकिमीडिया कॉमन्स या सर्वांसाठी खुल्या ऑनलाइन संग्रहांवर ठेवायला पैसे पडत नाहीत. स्वतःचे संकेतस्थळ हवे असेल तर जरूर करा, पण ती एकमेव जागा ठेवू नका. कारण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात लाखो भारतीय पुस्तके स्कॅन झाली, त्यात हजारो मराठी होती. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद झाले. ती पुस्तके आज वाचायला मिळतात, कारण कुणीतरी आधीच त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर नेऊन ठेवल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या बलाढ्य संस्थेचीही ऑनलाइन ग्रंथसूची जानेवारीपर्यंत बंद होती. पुढच्याच वर्षी खुद्द इंटरनेट अर्काइव्ह हल्ल्यामुळे काही दिवस बंद पडले. प्रत जितक्या जागी तितकी ती निर्धोक.

डिजिटल लायब्ररीच्या पुस्तकांतून दुसरा धडाही घेण्यासारखा आहे. नावे रोमन लिपीत, वाटेल तशी लिहिलेली, लेखक भलताच, वर्ष चुकलेले. पुस्तक तिथे आहे आणि तरी सापडत नाही. तुमच्या याद्यांचीही थोडीफार हीच गत आहे, कारण बऱ्याच याद्या युनिकोड (कुठल्याही संगणकावर मराठी सारखीच दिसावी यासाठीची अक्षरपद्धती) येण्याआधीच्या मराठी फॉन्टांत टंकलेल्या आहेत. दुसऱ्या संगणकावर त्या उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात. त्या युनिकोडमध्ये आणणे हे काही आठवड्यांचे काम आहे, रूपांतराची साधने फुकट मिळतात. फायलीला नुसता क्रमांक न देता नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक द्या. जुन्या अंकांवर शके असतो, त्याच्याशेजारी इसवी सनही नोंदवा. आणि पुढचे स्कॅनिंग कराल तेव्हा एजन्सीला बजावून सांगा : मुखपृष्ठ, जाहिराती, पुरवण्या, कोरी पानेसुद्धा वगळायची नाहीत, रंगीत स्कॅन किमान ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) हवे, आणि मूळ प्रतिमा टिफ या फाइल-स्वरूपात हव्यात. पैसे वाचवण्यासाठी केलेल्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पिवळ्या कागदावरची फिकट शाई पुसूनच जाते. ठिसूळ झालेला तोच खंड पुन्हा उघडून सपाट दाबावा लागणे म्हणजे त्याचे आयुष्य आणखी कमी करणे.

मजकूर शोधण्याजोगा करण्याचे काम आम्हा वाचकांवर सोडा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून जुनी वृत्तपत्रे खुली केली आणि संगणकाने चुकीची वाचलेली अक्षरे दुरुस्त करण्याची सोय वाचकांना दिली. लोकांनी आजवर कोट्यवधी ओळी दुरुस्त केल्या आहेत. मराठी विकिस्रोत या जुन्या पुस्तकांच्या खुल्या संकेतस्थळावर हीच पद्धत आहे, डावीकडे मजकूर, उजवीकडे पानाची प्रतिमा, एकाने तपासायचे आणि दुसऱ्याने पडताळायचे. आपल्याकडे अडचणी आहेत. शिळाछापावरचे अक्षर संगणकाला वाचता येत नाही, मोडीचे तर वेगळेच शास्त्र. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुस्वार शोधाला चकवतात, 'केले' शोधले तर 'केलें' सापडत नाही. पण जुनी मराठी आवडीने वाचणारी निवृत्त शिक्षक मंडळी गावोगाव आहेत, मोडीचे वर्ग उत्साहाने भरतात. त्यांच्यासमोर पानच नसेल तर त्यांनी टंकायचे काय?

हे होऊ शकते याचा पुरावा मुंबईतच आहे. एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' या नावाने आपला जुना संग्रह ऑनलाइन आणला. राज्य मराठी विकास संस्थेनेही दुर्मिळ मराठी ग्रंथ आपल्या संकेतस्थळावर उपलब्ध केले आहेत. मला त्यांचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचा क्वचितच झाला असेल.

ग्रंथालय संचालनालयालाही या पत्रातून एक विनंती. डिजिटायझेशनसाठी सरकारी पैसा देताना अट घाला की हक्कमुक्त साहित्य ठरावीक मुदतीत सर्वांसाठी खुले झाले पाहिजे आणि त्याची एक प्रत राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जमा झाली पाहिजे. किती पाने स्कॅन झाली एवढ्यावर काम संपल्याचा दाखला देऊ नका. लोकांना किती पाने वाचता येतात, ते विचारा. आणि 'क' व 'ड' वर्गांतल्या लहान ग्रंथालयांना विसरू नका. त्यांच्याकडे यंत्र येणार नाही, तेव्हा जिल्हा ग्रंथालयाने आपले यंत्र आणि शिकवलेला माणूस आळीपाळीने त्यांच्याकडे पाठवावा.

विश्वस्तहो, सगळे एकदम करा असे मी म्हणत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत एक गोष्ट करा. आपल्या संग्रहातले काय काय स्कॅन झालेले आहे, त्याची यादी युनिकोड मराठीत प्रसिद्ध करा. नाव, वर्ष, अंक, पाने, एवढेच. निदान तेच खंड दुसऱ्या ग्रंथालयाने पुन्हा पैसे खर्चून स्कॅन करण्याचे तरी टळेल, आणि एका ठिकाणी नसलेला अंक दुसरीकडे आहे हे कळेल. त्यानंतर १९०० पूर्वीच्या नियतकालिकांपासून सुरुवात करून ती खुली करण्याचा ठराव त्याच सभेपुढे ठेवा. यादी टंकायला, फॉन्ट बदलायला, फायलींची नावे नीट करायला माणसे हवी असतील तर आपल्या सूचना फलकावर एक कागद लावा. मी ज्या ग्रंथालयाचा सभासद आहे तिथे माझे नाव पहिल्या ओळीत लिहायला मी तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे आणखी बरेच जण आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद वाचक